चौदाजणांचं फेझ

सुट्टी म्हणजे भारत, असं आमच्या घरात पंचवीस वर्षं चाललं. त्यात ठरवण्यासारखं काही नसतं. चार दिवस झोप जागेवर येण्यात जातात, तीन दिवस बँकेत आणि दाताच्या डॉक्टरकडे, उरलेले लोकांच्या घरी पोहे खाण्यात. परत येताना बॅगेत गोडा मसाला असतो आणि मनात 'अमक्याकडे जायचं राहिलंच' ही टोचणी. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि दोन्हीकडे आमची वाट पाहणारं कुणी उरलं नाही. पहिल्यांदाच सुट्टी आम्हा दोघांची झाली. तिचं काय करायचं ते मला सुचेना.

नवऱ्याला सुचलं. शनिवारी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "फेझला जाऊ या."

मला आश्चर्य वाटलं नाही. फेझ हे मोरोक्कोतलं जुनं, तटबंदीच्या आतलं बाजाराचं शहर, आणि आमच्या लग्नाइतकंच ते आमच्या घरात जुनं आहे. नवरा रसायनशास्त्राचा माणूस. इथे न्यू जर्सीत गेली कित्येक वर्षं औषधाच्या गोळ्यांवर रंगीत आवरण चढवायचं काम करतो. कॉलेजात असताना नैसर्गिक रंगांच्या तासाला त्यांच्या सरांनी एक स्लाइड दाखवली होती: कातडं रंगवायचे दगडी हौद, वरच्या गच्चीवरून काढलेले, एकाला एक चिकटलेले, प्रत्येकात वेगळा रंग आणि मांडीपर्यंत त्यात उतरलेली माणसं. दुपारची वेळ, सगळा वर्ग पेंगत होता, हा एकटा जागा झाला. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच मला ही गोष्ट सांगून झाली होती. पुढे दर दोन वर्षांनी "एकदा जायचंय" एवढं म्हणून तो भारताची तिकिटं काढायचा.

या वेळी 'एकदा' म्हणाला नाही, त्याला कारण होतं. गेल्याच्या गेल्या दिवाळीत त्याने एकाच आठवड्यात दोनदा गाडीचा उजवा आरसा आमच्याच टपालपेटीवर आपटून फोडला. मी भांडले, मग त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांना, आणि बराच पुढे गेलेला. त्याला समोरचं अगदी स्वच्छ दिसतं, अजून सुईत दोरा मला ओवून देतो. पण कडेचं गेलंय. शेजारी ठेवलेला कप दिसत नाही, पायाशी आलेली पायरी दिसत नाही, बाजूला उभा राहिलेला माणूस त्याच्या लेखी तिथे नसतोच. गेलं ते परत येत नाही, आहे ते थेंब घालून टिकवायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. किती दिवस टिकेल, या प्रश्नाला त्यांनी प्रामाणिकपणे "सांगता येत नाही" असं उत्तर दिलं.

त्या दिवशी घरी येताना गाडी मी चालवत होते. तो म्हणाला, "एवढ्यात कुणाला सांगू नको. लोक अरेरे म्हणतात, ते ऐकवत नाही." मी बरं म्हटलं. मुलीला तेवढं सांगितलं, ती सांता क्लाराला असते. बाकी कुणाला नाही. 'हल्ली ड्राइव्ह का करत नाही?' याला 'त्याचे कॉल असतात', 'वाकून नमस्कार करताना धडपडला कसा?' याला 'धांदरट आहे' अशी उत्तरं मी तयार ठेवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

माझा स्वभाव सांगायला हवा. औषधांच्या चाचण्यांची वेळापत्रकं आखणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे घाबरले की मी रडत नाही, एक्सेल उघडते. फेझचं नाव निघालं त्याच दुपारी मी तक्ता उघडला. ऑक्टोबरातले नऊ दिवस, दोघंच, आणि सगळे नऊ फेझमध्ये. मग रकाने वाढत गेले. राहण्याच्या जागेचा जिना किती उभा आहे. न्हाणीघराला उंबरा आहे का. तटाच्या निळ्या दरवाज्यापासून हौदांच्या गच्चीपर्यंत जाताना उतार कुठे लागतो, भिंत कोणत्या हाताला आहे. शेवटच्या रकान्याला मी 'हात धरणे' असं नाव दिलं, आणि प्रत्येक गल्लीपुढे त्यात डावा की उजवा ते लिहायला लागले.

त्या गल्ल्यांत वाहनं येत नाहीत, खेचरं येतात. लोकांनी चालता चालता काढलेले व्हिडिओ मी रोज बघायचे. दोन माणसं शेजारी जेमतेम मावतील अशी गल्ली, आणि मध्येच कुठल्यातरी बोळातून सिलिंडर नाहीतर कातड्यांची चळत लादलेलं खेचर थेट अंगावर. मागून मालकाची आरोळी. मी इथे वेस्ट विंडसरमध्ये सोफ्यावर बसून दचकायचे. लंच ब्रेकमध्ये बघितलं तर दुपारच्या मीटिंगभर पाय हलत राहायचा. ऑफिसातली एकजण म्हणाली, टेबल हलतंय.

मार्चमध्ये मराठी मंडळाचा पाडवा होता, शाळेच्या कॅफेटेरियात. श्रीखंडपुरीच्या रांगेत माझ्यापुढे माझी मैत्रीण होती. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते आणि इथली माझी सगळ्यात जुनी ओळख. मुलगी झाली तेव्हा आमच्याकडून कुणाला व्हिसा मिळाला नव्हता, तर हिने चाळीस दिवस मला जेवणाचा डबा आणून दिला होता. असं माणूस. मुंबईची आहे, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि नाही हा शब्द तिला ऐकू येत नाही.

"मग यंदा कधी चाललात इंडियाला?" तिने विचारलं.

"यंदा नाही. मोरोक्कोला जातोय, ऑक्टोबरात."

"काय सांगतेस! किती मस्त!"

आता इथे माझी चूक झाली, आणि ती आपल्याच लोकांत होऊ शकते. आपण जेवायला बसलो आणि कुणी दारात आलं की 'या जेवायला' म्हणतो. येणारा 'आत्ताच झालं' म्हणतो. गावाला निघालो की 'चला की आमच्याबरोबर' म्हणतो. पुढचा 'हो, बघू की' म्हणतो. इथे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात असतो, कुणी पान मांडून बसत नाही. मी पुरीकडे बघत, सवयीने म्हटलं, "चला की तुम्ही पण."

"डन," मैत्रीण म्हणाली.

संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर 'मोरोक्को गँग' उघडलेली होती. त्यात आम्ही दोघं, ती दोघं, आणि तिने तिच्या मोठ्या मनाने घेतलेले आणखी दहाजण. गँगच्या चिन्हाला उंटाचं चित्र. नवऱ्याने आपला फोन नाकासमोर धरून बराच वेळ तो उंट बघितला. "आपण दोघं जाणार होतो ना?" तो म्हणाला.

"मी सांगते तिला. उद्याच सांगते."

उद्या सांगितलं नाही. काय सांगणार होते? आम्हाला एकट्यांनाच जायचंय, हे पंचवीस वर्षं जुन्या मैत्रिणीला कारणाशिवाय सांगता येत नाही, आणि कारण सांगायचं नव्हतं. दुसरं खोटं कारण शोधत राहिले. तोवर ग्रुपवर तारखा ठरल्या. भीड भिकेची बहीण, असं माझी आई उठताबसता म्हणायची. मला वाटायचं, माझ्याबद्दल नसेल.

एप्रिलभर फेझ हळूहळू आकसत गेलं. कुणाला कॅसाब्लांका हवं होतं, कुणाला समुद्र. मैत्रिणीच्या नवऱ्याला वाळवंटात तंबू आणि उंटाची सफर हवीच होती. तो ऑफिसच्या खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना द्यायचा आणि काम एकही करायचा नाही. उंटावरून शेळ्या हाकायची त्याची प्रॅक्टिस आधीपासूनच होती. नऊ दिवसांत पाच शहरं बसवायची ठरली. त्यासाठी एक वातानुकूलित बस. शिवाय सकाळी पोहे-उपमा करून देणारा कुणीतरी स्वयंपाकी कॅसाब्लांकात सापडला म्हणे, तो बसबरोबर येणार. थेपले कोणी आणायचे, मेतकूट कोणी, चटण्या कोणी, याची यादी झाली. हे सगळं तक्त्यात बसवायचं काम कोणाकडे? माझ्याकडे. "तू एक्सेलची क्वीन आहेस यार," मैत्रीण म्हणाली.

मी बसवलं. तीच तर गंमत आहे. ज्या तक्त्यात मी गल्लीगल्लीला हात धरायचं लिहीत होते, त्याच तक्त्याच्या दुसऱ्या पानावर चौदा माणसांचा दौरा आखत होते. आणि फार नीट आखत होते. त्या दौऱ्यात फेझच्या वाट्याला अर्धा दिवस आला, जेवणासकट. हौदांपुढे कुणीतरी लिहून ठेवलं होतं: 'स्किप? फार वास येतो म्हणे.'

ते वाचलं त्या दिवशी मी मुलीला फोन केला आणि तासभर बोलले. ती शांतपणे ऐकत होती, मागे तिच्या भांड्यांचा आवाज येत होता. शेवटी म्हणाली, "आई, जस्ट टेल देम."

"अगं, बाबाला नको आहे."

"आर यू शुअर इट्स बाबा?"

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तुला आपल्या लोकांची माहिती नाही. ती "ओके" म्हणाली. या मुलीचं 'ओके' मला तिच्या भांडणापेक्षा जास्त लागतं.

मे महिन्यात आम्ही सराव सुरू केला. म्हणजे मी सुरू केला. फेझच्या बाजाराच्या जवळपास जाईल असं आमच्या टप्प्यात एकच ठिकाण होतं, शनिवारी दुपारचं इंडियन ग्रोसरी स्टोअर. आंब्याच्या पेट्या आलेल्या असतात, अरुंद वाटांमध्ये कार्टं आडवी लावून लोक कोथिंबीर निवडत उभे असतात, मुलं पायात येतात. ठरलं असं की नवऱ्याने पुढे चालायचं, मी सहा फूट मागे. मी बोलायचं नाही, तो अडखळला तर बघायचं.

तो छान चालला. हळू, मान दोन्हीकडे फिरवत, जसं त्याला शिकवलंय तसं. मसाल्यांच्या वाटेत एक कार्ट चुकवलं. मला इतकं बरं वाटलं की मी क्षणभर दुधी बघायला वळले. पुन्हा पाहिलं तर भाजीच्या कोपऱ्यावर माझी मैत्रीण उभी होती, त्याच्या उजव्या हाताला, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. ती हसून त्याच्याकडे बघत होती. तो तिच्यासमोरून निघून गेला. तिचं हसू तसंच राहिलं आणि मग गेलं.

मी धावत पुढे झाले. "अगं, त्याच्या कानात कॉल चालू आहे."

"कानात काही दिसलं नाही मला," ती म्हणाली. "जाऊ दे गं. हल्ली तो असाच करतो. मंडळातपण सगळे म्हणतात, भाव खातो म्हणून."

तेवढ्यात पुढून आवाज आला. आंब्याच्या पेट्यांची रास त्याच्या गुडघ्याला लागून कलली होती आणि वरची पेटी खाली आली होती. मी मैत्रिणीला तिथेच टाकून त्याच्याकडे गेले आणि त्याचा दंड धरला. घट्ट धरला. त्याने झटकला. आम्ही दोघांनी खाली बसून आंबे गोळा केले, त्यातले दोन फुटले होते. ती पेटी आम्हीच घेतली.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली नाही. "तिथे आंबे नसणार आहेत," मी म्हटलं. "तिथे खेचर असेल. बाजूने येईल. तुला दिसणार नाही. मी दुधीकडे बघत असेन. मग काय करायचं?"

तो समोर बघत होता. "तू मला फेझ दाखवायला नेत नाहीयेस," तो म्हणाला. "सांभाळायला नेतेयस."

"दोन्ही करता येतं."

"तुला नाही येत."

 घरी आल्यावर त्याने फुटलेल्या दोन आंब्यांचा रस काढला आणि माझी वाटी माझ्यासमोर ठेवली. मी खाल्ला. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. भीती खेचराची नव्हती. मला वाटत होतं की आम्ही त्या गच्चीवर पोचू, तो हौदांकडे बघेल, आणि त्याला त्यातले चारच दिसतील.

ऑगस्टमध्ये डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासणी केली. एका मशीनमध्ये डोकं ठेवायचं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. निकालाचा कागद येतो त्यात न दिसणारा भाग काळा छापलेला असतो. मधला पांढरा भाग मागच्या वेळेपेक्षा थोडा लहान झाला होता. "थोडा," त्या म्हणाल्या. मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. पुढच्या रविवारी गँगची शेवटची मीटिंग आमच्या घरी होती. त्या दिवशी सगळं बुक करून टाकायचं होतं.

दुपारी तीनला सगळे आले. बुटांनी पायरी भरली. कुणी ढोकळा आणला, कुणी भेळेचं सामान. मैत्रिणीने अळूवडी आणली होती, कारण नवऱ्याला तिच्या हातची अळूवडी आवडते हे ती वीस वर्षं जाणून आहे. तिच्या नवऱ्याने आमचा लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि माझा तक्ता पडद्यावर आला. दिवस पहिला, दिवस दुसरा. मी उभी राहून समजावत होते. दिवस सहावा, फेझ, दहा ते तीन.

"हे टॅनरीचं, म्हणजे त्या हौदांचं, काय करायचं मग?" त्याने विचारलं. "स्किप करू या ना? तेवढ्यात बस लवकर निघेल."

कुणीतरी म्हणालं, चालेल. कुणीतरी म्हणालं, फोटोत बघितलंय. मी त्या ओळीवर कर्सर नेला. माझा हात ते पुसायला तयार होता, त्याबद्दल मी अजून स्वतःला क्षमा केलेली नाही.

मैत्रीण त्या वेळी अळूवडीचं ताट घेऊन फिरत होती. ती सोफ्याच्या बाजूला आली आणि नवऱ्याच्या उजव्या खांद्यापाशी ताट धरून उभी राहिली. तो टीव्हीकडे बघत होता. ती थांबली. अजून थांबली. खोलीतले दोन-चारजण त्यांच्याकडे बघायला लागले. मग ती हसत म्हणाली, पण ते हसणं नव्हतं, "काय हो, आता आमच्या हातचंपण चालत नाही का?"

मी तोंड उघडलं. 'त्याचं डाएट चालू आहे' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

नवऱ्याने आवाजाच्या दिशेने पूर्ण मान वळवली आणि ताट बघितलं. "दिसलं नाही," तो म्हणाला. "मला काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. त्या दिवशी दुकानातपण तुम्ही होतात म्हणे. मला दिसला नाहीत."

टीव्हीवर दिवस सहावा तसाच होता. कोपऱ्यातून कुणीतरी "अरेरे" म्हणालंच.

नवरा हसला. "झालं? म्हणून झालं ना एकदा? मग आता अळूवडी द्या." त्याने एक उचलली. "आणि हो, मला फेझमध्ये पाच तास पुरणार नाहीत. मला त्या हौदांसमोर रोज जाऊन उभं राहायचंय, जितके दिवस मिळतील तितके. वास आला तर येऊ दे. तुम्ही सगळे खुशाल वाळवंटात जा. आम्ही दोघंच जाऊ, आधी ठरलं होतं तसं."

मैत्रीण ताट टेबलावर ठेवून त्याच्या समोर येऊन बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. "कधीपासून?"

"पावणेदोन वर्षं."

ती माझ्याकडे वळली. "आणि तू मला सांगितलं नाहीस."

"याने सांगू नको म्हटलं होतं," मी म्हणाले.

"एवढ्यात सांगू नको म्हटलं होतं," नवरा म्हणाला. तो मला टाकून बोलत नव्हता, चूक दुरुस्त करावी तसं बोलला. "पहिला महिनाभर मला नको वाटत होतं. नंतर मी तुझी वाट बघत होतो. तू रोज नवीन कारण शोधायचीस, मला वाटलं तुलाच कमीपणा वाटतोय."

  मला खरंच कमीपणा वाटत होता का, हे मी शोधत होते. कमीपणाचा रकाना माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. पण एवढं मला तिथेच उभ्या उभ्या कळलं की त्याचं गुपित म्हणून मी जे जपत होते ते माझं होतं. सांगितलं की ते खरं होणार होतं, आणि मला ते आखून, रकाने पाडून, खरं होण्याच्या आतच संपवायचं होतं.

मैत्रीण रागावली होती आणि तिचं बरोबर होतं. जाताना मला म्हणाली, "आम्ही काय काय बोललो गं त्याच्याबद्दल. ते आता कसं परत घेऊ?" मी म्हटलं, ते माझ्यामुळे झालं. "हो, तुझ्यामुळेच," ती म्हणाली, आणि उरलेल्या अळूवड्या डब्यात भरून ओट्यावर ठेवून गेली. गँगचा मोरोक्को मार्चवर गेला. त्यांचा तक्ता मीच करणार आहे, ते काही सुटत नाही.

सगळे गेले तेव्हा अजून चांगलं ऊन होतं. मी भांडी लावत होते. नवऱ्याने डोळ्यांत थेंब घातले आणि ठरलेली पाच मिनिटं डोळे मिटून सोफ्यावर बसला. "तुझा तो खेचरांचा व्हिडिओ लाव," तो म्हणाला.

"आत्ता? डोळे मिटलेले असताना?"

"लाव."

मी लावला. पावलांचा आवाज, तांब्यावर हातोडीचे ठोके, कुणीतरी हसलं. मग मागून मालकाची आरोळी. नवऱ्याने डावा हात वर केला. दोन क्षणांनी पडद्यावर डावीकडून खेचर आलं. पुन्हा आरोळी, त्याने उजवा हात वर केला. उजवीकडून एक हातगाडी. तिसऱ्या वेळी त्याने हात वर केला तेव्हा मी भांडं खाली ठेवून त्याच्याकडेच बघत होते.

"ते लोक ओरडत येतात," तो म्हणाला. "प्रत्येकजण. मी कित्येक महिने ऐकतोय, तू लावून बसतेस तेव्हा. तुला वाटतं ते अंगावर येतायत. ते सांगतायत. इथे न्यू जर्सीत कुणी सांगत नाही, शेजारी येऊन उभे राहतात आणि मग रागावतात. मला इथल्यापेक्षा तिथे सोपं जाईल."

मी त्याच्याशेजारी जाऊन बसले, मग उठून त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "आणि हौद? ते किती दिसतील?"

"समोरचे दिसतील. मग मी मान फिरवेन, आणि त्याच्या पुढचे दिसतील." त्याने डोळे उघडले, ओले होते, थेंबांनी. "एका वेळी सगळे नाही दिसणार. म्हणून तर रोज जायचंय."

मला रडू आलं. एक्सेल लांब होतं. त्याने टिश्यूचा खोका माझ्याकडे सरकवला.

मग मी लॅपटॉप टीव्हीपासून सोडवला आणि विमानकंपनीचं पान उघडलं. दोन प्रवासी, नऊ दिवस, जाणं-येणं. आमची नावं भरली, पासपोर्टचे नंबर भरले. खाली एक चौकट आली. कोणत्याही प्रवाशाला दृष्टी, श्रवण किंवा चालण्यासाठी मदत लागणार आहे का? माझं बोट थांबलं. सवयीने मी पुढच्या पानाकडे निघाले होते.

"काय विचारतायत?" नवऱ्याने विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"मग कर की टिक. माझ्या नावापुढे." मी केली. पान पुढे जायच्या आत तो म्हणाला, "तुझ्यासाठी त्यांच्याकडे काही सोय असेल असं वाटत नाही. तुझं तूच बघ."